पॅक-१२ ची वाताहत: पैसा फुटबॉलचा, वणवण बाकीच्यांची

पॅक-१२ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची कॉन्फरन्स, आपापसात सामने खेळणारा क्रीडा-गट. कुणीतरी म्हणतं की यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी २०२२ मध्ये बिग टेन या दुसऱ्या गटाचा रस्ता धरला आणि पॅक-१२ संपली. सुरुवात तिथूनच झाली, पण मागे दहा विद्यापीठं उरली होती की. घोडं अडलं टीव्हीच्या करारावर. २०२३ च्या उन्हाळ्यात हातात होता तो ॲपलचा प्रस्ताव, त्यातली बरीचशी कमाई वर्गणीदार किती मिळतील यावर! कोलोरॅडो आधीच निघालं होतं. ४ ऑगस्टला ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाची दोन्ही विद्यापीठं आणि युटा बिग १२ या आणखी एका गटात. शंभराहून जास्त वर्षांचा संसार मोडला.

मला खटकतं ते वेगळंच. फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा) संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, तो लांब गेला तरी निभतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींचं काय? पश्चिम किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेली 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या एसीसीत (हसावं की रडावं!). सामन्यासाठी कॅलिफोर्नियाहून थेट बॉस्टन, घड्याळ तीन तास पुढे, परत येऊन वर्ग आणि परीक्षा आहेतच. फुटबॉल तेवढा वेगळा काढून बाकीचे खेळ जवळच्या जवळ ठेवले असते तर काय बिघडलं असतं?

डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. गडगंज माजी विद्यार्थी पाठीशी असले की जमतं. पॅक-१२ मध्ये उरलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटला मात्र कुणी विचारलंच नाही. त्यांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा मिळवला आणि बॉयझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरेंना घेऊन २०२६ पासूनच्या नव्या पॅक-१२ ची मोट बांधली.