वुडचकची शिकार एप्रिल ते जून तरी बंद ठेवावी का?

परसबाग_बर्क्स (धागाकर्ती):
पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत आम्ही घर घेतलं तेव्हा कुंपणापलीकडे मका आणि अल्फाल्फाचं (गुरांच्या चाऱ्याचं पीक) शेत होतं. थंडी सरली की त्याच्या बांधावर वुडचक दिसायला लागायचे. (वुडचक म्हणजेच ग्राउंडहॉग. थंडी अजून किती राहणार ते ठरवायला दर २ फेब्रुवारीला पंक्सटॉनी गावात सावली बघायला ज्याला बिळाबाहेर काढतात, तोच.) आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा खिडकीतून बघून म्हणाली, "अगं बाई, केवढी ही घूस! आणि बसलीय कशी, हात जोडून!" घूस नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी, चार-पाच किलोचा. पण घरात त्याचं नाव घूसच पडलं.

गेली तीन वर्षं बांधावर एकही दिसला नव्हता. बिळं आहेत, पण तोंडाशी कोळ्यांची जाळी. यंदा मेमध्ये एक दिसला आणि मला कोण आनंद झाला! पुढच्याच शनिवारी दोघेजण आले, शेताच्या कडेला घडीचं टेबल मांडलं, दुर्बीण लावलेली रायफल त्यावर टेकवली आणि लांबूनच एका गोळीत त्याला आडवा केला. उचलायलाही गेले नाहीत. कॉफी प्यायले, टेबल मिटलं, गेले.

आपल्या राज्यात वुडचक जवळजवळ वर्षभर मारता येतो, कितीही. न्यूयॉर्कमध्ये तर त्याला कसलंच संरक्षण नाही. मादीला वर्षातून एकदाच पिल्लं होतात, एप्रिल-मेच्या सुमारास. तेव्हा ती मेली की बिळातली पिल्लं उपाशी मरणार. मी कायमची बंदी मागत नाहीये. फक्त ते तीन महिने सोडा. काय म्हणता?

बांधावरचा:
असहमत. मी शिकार करतो, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी शोध लावायला नको.

ताई, बंदुकीने वुडचक संपत असते तर ते १९६० सालीच संपले असते. २२२ रेमिंग्टन हे काडतूस १९५० सालचं, २२-२५० बाजारात आलं १९६५ साली. दोन्ही अशा लांबच्या, छोट्या निशाण्यासाठी प्रसिद्ध. मी ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जातो तो सांगतो, त्याच्या लहानपणी प्रत्येक गोठ्याच्या दाराआड एक रायफल असायची आणि शाळा सुटली की पोरं बांधावर. तरी दुसऱ्या दिवशी बिळातून नवा डोकं काढायचाच. आता ती पोरं फोनवर आहेत, रायफली कपाटात आहेत आणि वुडचक गायब आहेत. गोळी कमी झाली आणि जनावरही कमी झालं, तर दोष गोळीचा कसा?

दुसरं, बीळ म्हणजे काय ते जवळून बघा. पुढच्या तोंडाशी मातीचा ढीग असतो, तो दिसतो. मागची पळवाट गवतात लपलेली असते, तिच्याभोवती माती नसते. लँकेस्टरकडचे आमिश (आधुनिक यंत्रं टाळणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी अजून खेचरं जुंपतात. खेचराचा पाय त्या भोकात गेला की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. परत बघायचं नाही.

मेथीची_जुडी:
कमी झाले?? न्यू जर्सीत या, खोक्यात भरून देते. डेकखाली राहतो एक. मेथीचा अख्खा वाफा एका सकाळी जमिनीबरोबर केला, दोडक्याचे शेंडे खाल्ले, कोथिंबीर मात्र ठेवली. मिरचीला तोंड लावलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

उंबरठा_व्हरमाँट:
धागा रोचक आहे, पण दोघेही गेल्या पन्नास वर्षांचंच बोलताय. थोडं मागे जाऊ.

वुडचक हा ना दाट जंगलातला, ना उघड्या माळावरचा. त्याला कड लागते: इकडे झाडी, तिकडे कोवळं गवत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जंगलं तोडून शेतं आणि मेंढ्यांची कुरणं केली, तेव्हा त्याचं फावलं. १९व्या शतकात व्हरमाँटचा बहुतेक भाग उघडा होता. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने १८८३ साली वुडचकवर चक्क समिती नेमली आणि दर डोक्यामागे १० सेंट बक्षीस लावलं. पुढे शेती पश्चिमेकडे गेली, इथली शेतं पडीक झाली आणि जंगल परत आलं. आज व्हरमाँटचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. त्या झाडीत वुडचक खाणार काय?

त्यात २०व्या शतकात कायोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) पश्चिमेकडून इथवर पसरले. बिळापासून वीस पावलांवर चरणारा चार किलोचा प्राणी कायोटीला आयताच घास. म्हणजे आपण ज्याला 'घट' म्हणतोय, ती माणसाने फुगवलेल्या आकड्याची ओहोटी असू शकते. एकूण जातीला आज धोका नाही.

पण बांधावरचा, तुमच्या युक्तिवादात एक भोक आहे (पळवाटेचं). जनावर भरपूर असताना शिकारीने फरक पडत नाही, कारण रिकामं बीळ शेजारचं पिल्लू येऊन भरतं. शेजारीच उरले नाहीत, तर ते कोण भरणार? तीन वर्षांनी आलेला एकुलता एक मारणं आणि १९६० साली पन्नासातला एक मारणं, हा हिशेब एक नाही.

अवांतर: हिपॅटायटिस बी वरच्या संशोधनात वुडचकने फार मोठं काम केलंय. त्याला तशाच विषाणूने यकृताचा कर्करोग होतो.

विदर्भी_ठेचा:
वाचून गंमत वाटली. तुम्ही तिकडे घूस वाचवताय, इकडे माझा बाप सत्तरीत रात्रभर मचाणावर जागल करतो. रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याचं वावर नांगरून टाकतात, रोही (नीलगायी) येतात ते वेगळेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. त्यामुळे फटाके फोडा, डबे वाजवा. शेतकऱ्याच्या हातात बंदूक असलेला देश कसा असतो ते आम्हाला जरा कळू द्या.

परसबाग_बर्क्स:
@विदर्भी_ठेचा, तुमच्या वडिलांनी डुक्कर मारलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते दोघे शेतकरी नव्हते, नवी कोरी गाडी घेऊन आलेले हौशी होते. स्वतःचं पीक राखणं आणि शनिवारची करमणूक यात फरक नाही का? आणि मारला तर खा तरी!

@उंबरठा, जंगलाचं पटलं. मी शेजारच्या कायोटीला दोष द्यायला विसरलेच होते.

बांधावरचा:
खातो की. जुलैचं कोवळं पिल्लू, काखेतल्या गाठी आधी काढायच्या नाहीतर वास मारतो, मग आलं-लसूण लावून मंद आचेवर दोन तास. सशासारखं लागतं. टेबल मांडून मारतात आणि तिथंच टाकतात, त्यांचं मलाही आवडत नाही. तेवढ्यापुरतं तुमच्या बाजूने.

पण "हौशी" म्हणून सोडून देऊ नका. दूध काढणाऱ्या माणसाला बिळापाशी चार तास बसायला वेळ आहे का? तोच हौशींना बोलावतो. आणि तुम्ही मागता ते एप्रिल ते जून म्हणजे नेमकं सोयाबीन उगवून वर येण्याचे दिवस. बिळाभोवती टक्कल पडल्यासारखा गोल दिसतो, तो तेव्हाच पडतो. बंदी जुलैत मागितली असती तर मी सही केली असती, हा हा.

मेथीची_जुडी:
माझ्या डेकखालच्याचं काय ते सांगा ना कुणीतरी. पिंजऱ्यात खरबूज ठेवून पकडला तर लांब नेऊन सोडता येईल?

उंबरठा_व्हरमाँट:
सोडू नका, बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे. पूर्वेकडे रेबीज झालेल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत सगळ्यात जास्त वुडचकच सापडतात. जाळी लावा आणि खालची फूटभर जाळी जमिनीत बाहेरच्या बाजूला वळवून पुरा. वरचा भाग मुद्दाम सैल ठेवा. तो चढतो, पण डगमगणाऱ्या जाळीवर चढायला कचरतो.

परसबाग_बर्क्स:
काल त्या शेतकऱ्याला भेटले. त्या दोघांना त्यानेच बोलावलं होतं. (बांधावरचा, हसू नका.) पण का, ते ऐका. झाडांची ती जुनी रांग त्याने चार वर्षांपूर्वीच काढली, मोठं यंत्र वळायला जागा हवी म्हणून. वुडचक तेव्हापासूनच कमी झाले. आणि पुढच्या वर्षी शेतच राहणार नाही, गोदामाला विकलंय. कोपऱ्यात गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून झाल्यात. मी म्हटलं, मग उरलेला एक मारून काय मिळालं? म्हणाला, "सवय."

तीन महिन्यांची मागणी मी सोडलेली नाही. फक्त आता तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

बांधावरचा:
जुलैत दुसऱ्या कापणीला लँकेस्टरला या. तिथल्या बांधावर अजून तीन बिळं चालू आहेत. रायफल आणत नाही.

परसबाग_बर्क्स:
येते. आईही आहे इकडे. तिला घूस दाखवायचीय.