आजारी नसलेल्या कोंबड्यांना अँटिबायोटिक कशासाठी?

कल्चरप्लेट (धागा सुरू करणारी)

मी पुण्यात एका लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून तपासण्याचं काम बघते. सकाळी प्लेटा उघडायच्या, औषधाच्या चकतीभोवती जंतू किती लांब थांबलेत ते पट्टीने मोजायचं आणि रिपोर्टात औषधापुढे 'एस' किंवा 'आर' लिहायचं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. गेल्या आठवड्यात आयसीयूतल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएला या जंतूला मी वरपासून खालपर्यंत आर लिहीत गेले. शेवटी कोलिस्टिन तेवढं उरलं. त्याचा रेणू मोठा, आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाही, म्हणून त्याची चाचणी द्रवात वेगळी लावावी लागते. आणि २०२० पासून सीएलएसआयच्या (या चाचण्यांचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) तक्त्यात कोलिस्टिनला 'एस' हा वर्गच ठेवलेला नाही, इतका त्याचा भरवसा कमी झालाय.

हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांसाठी एकदा बाजूला ठेवलं होतं. बाकीची औषधं हरायला लागली तेव्हा परत काढावं लागलं. मधल्या काळात तेच औषध कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जात होतं, वजन लवकर भरावं म्हणून. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ हा कोलिस्टिनला निकामी करणारा जीन जाहीर केला. तो जंतूच्या गुणसूत्रावर नव्हता, प्लास्मिडवर होता. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. एक जंतू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही त्याची नक्कल देऊ शकतो. त्यांच्या २०११ ते २०१४ च्या तपासणीत ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि १३२२ रुग्णांपैकी १६ जणांत हा जीन निघाला.

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी आली. चांगलं झालं. पण एक औषध बंद करून भागत नाही. शेडमध्ये रोग नसताना सगळ्या पक्ष्यांना पाण्यातून औषध देणं, वजनासाठी असो नाहीतर 'खबरदारी' म्हणून, पूर्ण थांबायला हवं. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

शेड_नंबर_दोन

ताई, मी संगमनेरकडचा, करारावर ब्रॉयलर करतो. पाच हजार पक्ष्यांचं एक शेड. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, तूस, लाईट आणि रात्रीची जाग माझी. सुपरवायझर येतो, 'तीन दिवस पाण्यात सोडा' म्हणतो, मी टाकीत सोडतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, पिल्लं लांबून आलीत, ताण आहे.

तुम्ही म्हणता बंद करा. गेल्या पावसाळ्यात चौथ्या दिवशी सकाळी पडदा वर केला तर ब्रूडरजवळ (पिल्लांना ऊब देणाऱ्या हीटरजवळ) पिल्लं गठ्ठा करून बसलेली, पाठीमागे विष्ठा चिकटलेली, पोट फुगलेलं. दुपारपर्यंत सत्तर उचलली. ज्याने पाच हजारांतली सत्तर पिल्लं हाताने उचलून खड्ड्यात टाकलीत त्याला 'रोग येईपर्यंत थांब' सांगणं सोपं नाही. मर वाढली की कपात माझ्या मजुरीतून होते, कंपनीच्या नाही.

आणि माणसं काय करतात? सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या घेतात, बरं वाटलं की सोडून देतात. ते कोणाला दिसत नाही. शेतकरी तेवढा दिसतो.

बाजारपिशवी

मला एक कळत नाही. आपण चिकन कच्चं खातो का? अर्धा तास रटरट शिजवतो. जंतू मरतात. मग जीन माणसात येणार कुठून? उगाच भीती घालू नये.

कल्चरप्लेट

शिजलं की जंतू मरतात, बरोबर. पण ज्या पाटावर चिकन कापलं त्याच पाटावर न धुता काकडी चिरली तर? कोंबडखत भाजीच्या वाफ्यात पडतं तेव्हा? आणि सगळ्यात जवळ कोण असतं? शेडमध्ये रोज तूस हलवणारा माणूस. दादा, आपल्या दोघांच्या वादात धोका सगळ्यांत आधी तुमच्या घरी येतो, माझ्या नाही. म्हणूनच मला तुमच्याशी बोलायचंय.

वॉर्डराउंड

मी इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा डॉक्टर आहे आणि धागाकर्तीशी बराचसा असहमत आहे.

चीनची गोष्ट भारताला जशीच्या तशी लावू नका. तिथे माणसांत कोलिस्टिन जवळपास वापरलंच जात नव्हतं, म्हणून जीन डुकरांतून आला हे स्वच्छ दिसलं. आपल्याकडे आयसीयूत आम्ही ते वर्षानुवर्षं देतोय. भारतातल्या रुग्णांच्या क्लेबसिएलात कोलिस्टिनला दाद न देण्याचं मुख्य कारण एमसीआर नाहीच. जंतूच्या स्वतःच्या एमजीआरबी या जीनमध्ये बिघाड होतो, आणि तो बिघाड आमच्याच औषधाच्या दबावाखाली निवडला जातो. तुम्ही ज्या रिपोर्टावर आर लिहिलात तो बहुतेक दवाखान्यात घडलेला आहे, शेडमध्ये नाही.

चीनने ३० एप्रिल २०१७ पासून खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. डुकरांत कोलिस्टिनला न जुमानणारे ई. कोलाय (आतड्यातले जंतू) ३४ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आले, कोंबड्यांत १८.१ वरून ५ वर. उत्तम. पण रुग्णांच्या संसर्गात? १.७ वरून १.३. वॉर्डात हात धुणं, कॅथेटर वेळेवर काढणं, गरज नसलेलं औषध लिहायचं नाही, यावर आधी बोला.

कल्चरप्लेट

डॉक्टर, एमजीआरबीचं मान्य. तो रिपोर्ट मी शेडच्या माथी मारायला नको होता. माझं वाक्य तसं वाचलं जातं. पण तुमच्याच आकड्यांत जनावरांतलं प्रमाण दोन वर्षांत कोसळलंय. म्हणजे दबाव काढला की उतरतं. मला ते लहान वाटत नाही.

आणि शेडमधलं शेडमध्येच राहतं असं कोणाला वाटत असेल तर त्याला एक जुनं उत्तर आहे. पूर्व जर्मनीत १९८३ पासून डुकरांच्या वाढीसाठी नूर्सिओथ्रिसिन हे औषध दिलं. माणसांना ते कधीच देत नसत. दोन वर्षांत त्याला न जुमानणारे जंतू डुकरांत आणि मांसात दिसले. १९९० पर्यंत डुक्करपालनातले कामगार, त्यांची कुटुंबं, गोठ्याशी संबंध नसलेली शहरातली माणसं आणि लघवीच्या संसर्गाचे रुग्ण, सगळ्यांच्या ई. कोलायमध्ये. इथे वॉर्डातलं औषध कारण असूच शकत नाही, कारण वॉर्डात ते औषधच नव्हतं.

गोठा_आणि_मी

सगळे कोंबडीवर बोलताय, दुधावर कोणी नाही. फलटणजवळ माझ्या अकरा गाई आहेत. कासदाह (कासेला सूज) झाला की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडते. डॉक्टर सांगतात, चार दिवस दूध डेअरीला घालू नका. मी घालत नाही. पण वीस लिटर दूध ओतून देववत नाही, म्हणून वासरांना पाजते. घरोघरी हेच करतात. ते चुकीचं आहे का?

वॉर्डराउंड

ताई, त्या दुधात औषधाचा थोडा अंश असतो. थोडा अंश रोज मिळाला की वासराच्या आतड्यातले औषधाला न जुमानणारेच जंतू टिकतात आणि वाढतात. माझा विषय माणसांचा, पण एवढं खात्रीने सांगतो: ते दूध वासराला नको. आणि प्रत्येक सुजलेल्या सडाला ट्यूब लागतेच असं नाही. आधी नमुना तपासून घ्या.

गोठा_आणि_मी

नमुना तपासायचा म्हणजे तालुक्याला जायचं, रिपोर्ट तीन दिवसांनी. तोवर सड जातो. पण दुधाचं पटलं. आजपासून खड्ड्यात.

कल्चरप्लेट

या तीन दिवसांवरच खरा खर्च व्हायला हवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक इन्क्युबेटर (जंतू वाढवायचं उबदार कपाट) आणि ते चालवणारा माणूस, एवढंच लागतं. नेदरलँड्समध्ये प्रत्येक फार्मला एक ठरलेला पशुवैद्य जोडला, कुठे किती औषध गेलं याची नोंद सक्तीची केली, जास्त वापरणाऱ्याला तसं दाखवून दिलं. २००९ च्या तुलनेत विक्री ७० टक्क्यांहून जास्त घटली आणि पशुपालन बंद पडलं नाही.

शेडवाले दादा, तुमच्या टाकीत जातं त्या औषधाचं नाव सांगाल?

शेड_नंबर_दोन

आत्ता बाटली बघून आलो. एन्रोफ्लॉक्सॅसिन, दहा टक्के.

कल्चरप्लेट

त्यातलं काही पक्ष्याच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं. मेडिकलमधली सिप्रो म्हणतात तेच. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केलं, कारण कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू त्याला दाद देईनासा झाला होता. बाटलीवर पक्षी विकायला उचलण्याआधी किती दिवस औषध बंद ठेवायचं ते लिहिलं असेल, तेवढं तरी पाळा.

शेड_नंबर_दोन

लिहिलंय. वाचलं. पण ताई, गाडी उद्या पहाटे येणार हे मला आज रात्री नऊला फोनवर कळतं. भाव चढला तर छत्तिसाव्या दिवशी उचलतात, पडला तर पंचेचाळिसाव्या. औषधाचं पाणी कुठल्या दिवशी बंद करायचं, ते मी कशावरून मोजू?