हिरव्याखाली निळा निघाला! जुना जॉन डिअर ११० घ्यायचाय, इंजिन जाम, काय करू?

गंजका_पाना
मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. ओळखीतल्या एका आजींच्या शेडमध्ये छोटा गार्डन ट्रॅक्टर उभा आहे, आजोबा गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. जॉन डिअर ११०, कोहलरचं एक सिलिंडरवालं इंजिन, बाजूला गवत कापायचा डेक आणि बर्फ ढकलायचं पातं पण पडलंय. आजींना शेड रिकामी करायचीय, म्हणाल्या ने बाबा एकदाचा, तुला योग्य वाटेल ते दे. मी तोंडी हो म्हणून आलो.

आता पुढे ऐका. काल परत गेलो बघायला, बॉनेटच्या मागच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटला होता तो सहज नखाने उचकटला तर हिरव्याच्या खाली चक्क निळा! मग सीटखाली मडगार्डवर थोडं खरवडलं तर तिथे पांढरा. तेव्हापासून झोप नाही. डिअर निळा पण असायचा का? की कोणीतरी मधे हौसेने रंगवलाय? इंजिन हाताने फिरत नाही, फ्लायव्हील हलतच नाही जागचं. घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कुठून करू? आधी एक रोटोव्हेटर खोलून परत बसवलाय, बाकी अनुभव शून्य.

आणि अजून एक, हे जरा अवघड आहे. समजा हा खरंच दुर्मिळ निघाला तर आजींना सांगायचं का? त्यांच्या लेखी तो भंगार आहे.

कार्बोरेटर_काका
आधी पाणी पी. तुला जे वाटतंय ते असू शकतं. १९६९ साली डिअरने ११०, ११२, १२० आणि १४० या चार मॉडेलना नेहमीचा हिरवा पिवळा सोडून वेगळे रंग द्यायची टूम काढली होती. बॉडी पांढरी, तिला डॉगवुड व्हाइट म्हणायचे, आणि बॉनेट नि सीट चारातल्या एका रंगात: एप्रिल यलो, पॅटिओ रेड, सनसेट ऑरेंज नाहीतर स्प्रूस ब्लू. लोक त्यांना पॅटिओ ट्रॅक्टरच म्हणतात. कल्पना अशी की घरासमोर उभा केला तर शोभून दिसावा. पण डिअर घेणाऱ्याला हिरवाच हवा असतो ना, १९७१ पर्यंत प्रकरण आटोपलं. न खपलेल्यातले काही तर हिरवे करूनच विकले गेले. त्यामुळे हिरव्याखाली निळा निघणं यात अशक्य काही नाही.

पण लगेच नाचू नकोस. निळं बॉनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचं आणून बसवलेलं असू शकतं, चार बोल्टचं तर काम. मडगार्डवर पांढरा निघाला हे मात्र चांगलं लक्षण आहे. नंबराची पट्टी आहे का बघ, फोटो काढ, आणि इंजिनच्या झाकणावरची पट्टी पण, तिच्यावर मॉडेल आणि स्पेसिफिकेशन नंबर असतो. ११० आला १९६३ मध्ये, तेव्हा त्यात कोहलरचं ७ हॉर्सपॉवरचं के१६१ इंजिन होतं, नंतर ८ हॉर्सपॉवरचं के१८१ आलं. तुझ्यात के१८१ निघायला पाहिजे, के१६१ निघालं तर इंजिन बदललेलं आहे समज.

आजींचं म्हणशील तर सांग बाबा. उद्या त्यांच्या नातवाने कुठेतरी फोटो बघितला तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

फुकट_सल्लागार
काका काहीही काय 😄 व्यवहार तो व्यवहार, त्यांनी स्वतः सांगितलंय ना योग्य वाटेल ते दे म्हणून

कार्बोरेटर_काका
योग्य वाटेल ते म्हणाल्यात. तेच तर सांगतोय.

रंगारी_७२
निळा कंपनीचा की कोणाच्या हौसेचा हे शोधायला एक जुनी युक्ती आहे. नाण्याएवढी जागा निवड, दिसणार नाही अशी, बॉनेटच्या आतल्या वळणाला वगैरे. हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल हलक्या हाताने घास, मधे जास्त आणि कडेला कमी. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं उमटतात, बाहेरून आत एकेक थर. बाहेर हिरवा, मग निळा, मग प्रायमर, मग पत्रा असं दिसलं तर निळा मूळचा. निळ्याच्या खाली परत हिरवा आला तर कोणीतरी नकली पॅटिओ बनवून मग परत हिरवा मारलाय. अशी ध्यानं पण असतात. ही वलयं बॉनेट, मडगार्ड आणि स्टिअरिंगचा खांब तिन्हीकडे काढ, तिन्हीची साक्ष जुळली पाहिजे. आणि रंगवणारा आळशी असतो हे लक्षात ठेव, बॅटरीच्या ट्रेखाली, डॅशबोर्डच्या पाठीमागे, स्टिकरच्या खाली त्याचा ब्रश पोचत नाही, मूळ रंग तिथे सापडतो.

घासायचं ते ओलंच बरं का. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासून धूळ नाकात घेऊ नको, ग्राइंडरला वायर ब्रश लावून तर अजिबातच नाही.

वीस_थाउ
रंगाचं चालू द्या, मी इंजिनचं बोलतो. जाम आहे असं कशावरून ठरवलंस? पट्टे काढून बघितलंस का? या ट्रॅक्टरला वेगळा स्टार्टर नसतो, स्टार्टर नि जनरेटर एकाच डब्यात, आणि तो पट्ट्याने इंजिनला कायमचा जोडलेला. वर्षानुवर्षं उभा राहिला की त्या डब्याची बेअरिंग धरते आणि माणूस म्हणतो इंजिन गेलं. पट्टे उतरव, मग हाताने फिरव.

तरी नाही हललं तर प्लग काढ, भोकातून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून ओत (आग पकडतं, बिडी लांब ठेव), आठवडाभर विसरून जा. रोज थोडं मागेपुढे कर, फक्त हाताच्या जोरावर. फ्लायव्हीलच्या पात्यांत पहार घालून जोर लावायचा नाही, ओतीव लोखंड आहे, पातं मोडलं की संपलं. हेड काढावं लागलं तर घाबरू नको, साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. पिस्टनवर हातोडा मारायचाच झाला तर मधे लाकडाचा ठोकळा, थेट नाही.

फिरलं की उत्साहात लगेच सुरू करायला जाऊ नकोस, हे महत्त्वाचं. या इंजिनात ऑइल पंप नाही, फिल्टर नाही. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक चमचा असतो, तो फिरताना ऑइल उडवतो, त्याच्यावर सगळी मदार. रॉड अल्युमिनियमचा, थेट क्रँकवर फिरतो, मधे शेल बेअरिंग वगैरे काही नाही. ऑइल कमी किंवा तळाला चिखल म्हणजे रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडते. तेव्हा तळ उघड, खरवडून साफ कर, रॉड हाताने खालीवर हलवून बघ, खडखड आली तर क्रँकचं माप घ्यायला लेथवाल्याकडे. दहा थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी मापाचे रॉड मिळतात, पिस्टन पण दहा, वीस, तीस थाउ ओव्हरसाइज मिळतात, त्यामुळे ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन वाचतंच. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप वीस थाउ. माझं नाव तिथूनच आलंय.

गंजका_पाना
अपडेट! वीस_थाउ दादा तुमच्या पायावर लोटांगण. पट्टा काढला आणि इंजिन फिरलं!! डबा जाम होता, इंजिन नाही. वरचं पत्र्याचं कव्हर काढलं तर आत उंदराचं घरटं, गवत, चिंध्या, अक्रोडाची टरफलं, सिलिंडरचे पंखे (गार करणारे बाहेरचे कंगोरे) पार बुजलेले. पण फिरवताना कंप्रेशन अजिबात लागत नाही, अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला तरी फुस्स. रिंगा गेल्या का?

वलयं पण काढली. बॉनेट: हिरवा, निळा, प्रायमर. मडगार्ड आणि खांब: मधे दुसरा कुठला रंग नाही, हिरव्याखाली थेट पांढरा. पट्टीवर के१८१ आहे काका.

वीस_थाउ
छान. पण ते घरटं बघितलं नसतं आणि तसंच सुरू केलं असतंस तर दहा मिनिटांत इंजिन भाजून निघालं असतं. एअर कूल्ड आहे, पंख्यांना वारा लागलाच पाहिजे.

कंप्रेशनचं लगेच रिंगांवर ढकलू नको. या इंजिनात सुरू करताना सोपं जावं म्हणून हळू फिरवलं की व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी व्यवस्था असते, हाताने सुलट फिरवून कंप्रेशन कळणारच नाही. उलट फिरव, जोरात, फ्लायव्हीलने उसळी मारून मागे यायला पाहिजे. नाही आली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असायची शक्यता जास्त, वर्षानुवर्षं बंद उभ्या इंजिनचा नेहमीचा आजार. हेड काढ, इंजिन फिरव, दोन्ही व्हॉल्व्ह वरखाली होतात का बघ. वर अडकलेला असेल तर दांडीला भेदक तेल, हळूच खाली दाब, परत फिरव, परत दाब. दोन दिवसात सुटतो. मग ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर (ब्लॉकमधल्या बसायच्या कडेवर) घासून घे.

ओला_हात
मधेच बोलते. गंज काढायला कोणीतरी इलेक्ट्रोलिसिस सुचवेलच म्हणून आधीच सांगते, मी केलेला गाढवपणा करू नका. धुण्याचा सोडा पाण्यात, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह आपल्या वस्तूला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला, डेकचे कंस, पात्याचा सांगाडा मस्त निघतात. पण मी उत्साहात त्याच टबात कार्बोरेटर सोडला. अल्युमिनियमला सोडा खातो! सकाळी काढला तर बाउल खवल्याखवल्यांचा, जेटचे आटे गायब. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन सुटतो तेव्हा दारं उघडी ठेवा. रंग वाचवायचाय तो पत्रा मात्र टबात घालायचाच नाही, निळ्याचा पापुद्रा होऊन वर तरंगेल.

रंगारी_७२
वलयं जुळली म्हणजे पॅटिओच आहे रे, स्प्रूस ब्लू, अभिनंदन. आता हिरवा उतरवायचा तर पेंट रिमूव्हर ओतू नको, तो निळा हिरवा भेद करत नाही. पंधराशेचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, रोज एक वीत. निळा डोकावायला लागला की थांब, शेवटची झाक पॉलिशने काढ. महिना जाईल पण खालचा मूळ रंग हाती लागेल, आणि तो परत कुठल्याही डब्यात मिळत नाही.

कार्बोरेटर_काका
मला विचारशील तर आत्ता बॉनेटला हात लावूच नकोस. ब्रेक, क्लच, स्टिअरिंग, वेग बदलणाऱ्या पुल्या आणि त्यांचे दोन पट्टे, हे आधी. (ब्रेकची धूळ फुंकू नको, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.) जनरेटर दुरुस्त होऊन आला की रेग्युलेटरच्या बॅट (बॅटरी) आणि जेन (जनरेटर) या दोन टर्मिनलला क्षणभर जंपर टेकवून त्याला पोलॅरिटी दे, म्हणजे अधिक-उणे ठरवून दे, नाहीतर चार्जच करणार नाही आणि तू महिनाभर वायरिंग तपासत बसशील. रंगाची घाई करणारे लोक शेवटी चकचकीत बंद ट्रॅक्टर विकायला काढतात, असे किती बघितले.

आणि डेक, पातं, भिंतीला टांगलेला प्रत्येक कंस, प्रत्येक पिन उचल. ट्रॅक्टर परत मिळेल, त्या पिना मिळत नाहीत.

गंजका_पाना
परवा आजींकडे जाऊन सगळं सांगितलं. निळ्याचं, दुर्मिळ असल्याचं, इतर लोक काय देतात ते पण. त्या हसायला लागल्या. म्हणे मला माहितीय तो निळा होता, मीच पसंत केला होता, हे म्हणायचे लोक हसतात, खेळण्यातला वाटतो, आणि एका रविवारी मी बाहेर गेलेली बघून ब्रश घेऊन हिरवा करून टाकला. दोन दिवस बोलले नाही म्हणाल्या. नीट बघितलं तर बॉनेटच्या एका बाजूला ब्रशचे फराटे अजून दिसतात, मधेच केस पण चिकटलाय ब्रशचा.

व्यवहार ठरला, आधी ठरवलेल्यापेक्षा जास्त दिले, घेईनात पण दिले. फुकट_सल्लागार साहेब माफ करा 😅

व्हॉल्व्ह एग्झॉस्टचाच अडकलेला होता, तिसऱ्या दिवशी सुटला. आता कंप्रेशन उसळी मारतं.

पण हिरव्याचं काय करू ते कळेना. आजींना विचारलं तर म्हणतात निळा कर की, मला कधीपासून हवाय. आणि निघताना माळ्यावरून एक पोतं काढून दिलं, त्यात जुनी सीट! निळी! आजोबांनी बदलून ठेवून दिली होती. डावी बाजू उंदरांनी कुरतडलीय, स्पंज बाहेर आलाय, शिवण उसवलीय, पण उजवी बाजू ठीक आहे. ही शिवून घेऊ का नवीन कव्हर चढवू?

रंगारी_७२
थांब थांब थांब. काही शिवू नको, धुऊ पण नको. आधी कव्हर उलटं करून शिवणीच्या आत दुमडलेला भाग बघ, तिथे ऊन लागलेलं नसतं, तोच खरा निळा. बॉनेटचा रंग जुळवायची वेळ आली तर तुझ्याकडे ठेवलेला नमुना तोच. दिवसाच्या उजेडात फोटो टाक, फ्लॅश नको.

ओला_हात
आणि बॉनेटवर तो ब्रशचा केस आहे ना, तेवढी बोटभर जागा हिरवी राहू दे हो. आतल्या बाजूला असेल तर कोणाला दिसणार पण नाही.

गंजका_पाना
बाहेरच्या बाजूलाच आहे. दिसेल. राहू देतो. फोटो उद्या सकाळी टाकतो.