मदत हवी आहे : मुंबईहून गावी लिहिलेले १८९७ चे मोडी पत्र

आमच्या परळच्या घरातील जुन्या पेटीत खापरपणजोबांनी गावी पाठवलेले, पौष शके १८१८ म्हणजे साधारण जानेवारी १८९७ मधील एक मोडी पत्र सापडले आहे. ते माण तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी होते आणि दुष्काळात बैल विकून एकटेच गिरणीत कामाला आले होते. स्वतः निरक्षर असल्यामुळे पत्र दुसऱ्याने लिहून दिले असावे. ओळखीच्या एका गृहस्थांनी लावलेल्या ओळींत ताप, खोकला, लेकराची आठवण आणि ज्वारीची चौकशी आहे. आजारापेक्षा ज्वारीवरच अधिक शब्द खर्च झाले आहेत, याचे मला फार वाईट वाटले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, लोक शहर सोडून जाऊ लागले आणि फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर रेल्वे प्रवाशांची तपासणी कडक झाली. मग हा आजारी माणूस गावी का परतला नाही? त्याला अडवले गेले, की गाडीभाड्याचेही पैसे नव्हते? घरात एवढेच सांगतात की तो आलाच नाही.

पत्राचा खालचा भाग वाळवीने खाल्ला आहे. अशी फाटकी मोडी वाचणारे मुंबईत कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. तसेच त्या वर्षीच्या मृत्यूनोंदी महापालिकेकडे मागाव्यात की काळा घोड्याजवळील राज्य पुराभिलेखागारात, आणि केवळ नाव व गाव एवढ्यावर शोध लागतो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.