ल्युटीनच्या गोळ्यांनी दृष्टी खरोखर टिकते का?

प्रश्न – मंदार

माझी आई ६८ वर्षांची आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर वयोमानानुसार होणाऱ्या झिजेची, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशनची, अगदी सुरुवातीची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी औषध न देता नियमित तपासणीस बोलावले आहे. औषधांच्या दुकानात मात्र तिच्यासाठी ल्युटीनच्या गोळ्या सुचवण्यात आल्या, आणि दिवसभर संगणकासमोर बसतो म्हणून मलाही. वडिलांनी (पूर्वी धूम्रपान करत, आता सोडले आहे) त्या घ्याव्यात का, असाही प्रश्न घरात निघाला आहे. याला कितपत पुरावा आहे?

प्रतिसाद – अनघा

ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये पडद्याच्या मध्यभागी साठतात, निळा प्रकाश काही अंशी शोषून घेतात आणि शरीराला ती स्वतः तयार करता येत नाहीत. इथपर्यंत जाहिराती खरे बोलतात. परंतु गोळी घेतल्याने आजार टळतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या ‘एरेड्स’ चाचणीत (२००१) क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त व तांबे यांच्या मोठ्या मात्रेमुळे, ज्यांचा आजार मध्यम टप्प्यावर होता किंवा ज्यांच्या एका डोळ्यात तो बळावलेला होता, अशा रुग्णांमध्ये पाच वर्षांत आजार गंभीर होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. त्या मिश्रणात ल्युटीन नव्हतेच. ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एरेड्स-२’मध्ये, चार हजारांहून अधिक रुग्णांवर, रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन अशा प्रमाणात तपासले गेले, आणि जुन्या मिश्रणात त्यांची भर घातल्याने लक्षणीय जादा फायदा झाला नाही. ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांना लाभ झाल्याचे पुढील विश्लेषणात दिसले खरे. मात्र मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यावर उपगटांतून मिळालेल्या आकड्यांना मी जपूनच वजन देते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही एकंदरीत कमी झाल्या नाहीत.

आपल्या आईंचा टप्पा सुरुवातीचा असल्याने हे निष्कर्ष त्यांना थेट लागू होत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी काहीही न देणे मला योग्यच वाटते. आपला प्रश्न तर वेगळाच आहे: संगणकापुढे डोळे थकतात ते मुख्यतः पापण्या कमी लवत असल्यामुळे.

प्रतिसाद – श्रीकांत

वडिलांच्या बाबतीत वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय काहीही घेऊ नये. १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला होता, आणि ‘एरेड्स-२’मध्येही बीटा कॅरोटीनच्या गटात तो अधिक दिसला, तोही बहुतांशी धूम्रपान सोडलेल्यांमध्ये. ल्युटीनचे खरे महत्त्व मला इथे वाटते: मिश्रणातील बीटा कॅरोटीनची जागा ते सुरक्षितपणे घेऊ शकते. अर्थात पडदा निरोगी असेल तर त्यांना हे मिश्रणही नको.

प्रतिसाद – वैजयंती

गोळ्यांमधले ल्युटीन बहुधा झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात, पण ताटातले पालकातून मिळते. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात ते झियाझँथिनसह साधारण ११ मिलिग्रॅम असते. ते स्निग्ध पदार्थात विरघळत असल्याने भाजीला तेलाची फोडणी हवीच. अंड्याच्या बलकात प्रमाण कमी, पण ते चांगले शोषले जाते. आईंना रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन सुरू असेल, तर मात्र पालेभाजी अचानक वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण तिच्यातील के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते.

मंदार

सर्वांचे आभार. गोळ्या घेत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आईने कशावर लक्ष ठेवावे?

अनघा

डॉक्टरांकडून चौकटींचा ॲम्सलर तक्ता मागून घ्यावा आणि वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, तो नियमित पाहावा. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्यभागी डाग जाणवला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आजार ओल्या प्रकारात (म्हणजे पडद्याखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढण्याच्या प्रकारात) गेला असल्यास डोळ्यातील इंजेक्शने जितकी लवकर सुरू होतील तितकी दृष्टी अधिक वाचते.