पालकांची परवानगी असली तरी चापट नको
‘आई-वडिलांनीच सांगितलं असेल तर पाळणाघरात एखादी चापट चालते’ हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेल्या क्रूरतेबद्दलच आहे, आणि त्यातून आई-वडीलही सुटत नाहीत. मग त्यांची परवानगी काय कामाची?

आमच्या बेळगावात पावसाळ्यात मुलं दिवसदिवस आत कोंडलेली असतात, ओरबाडणं-चावणं तेव्हाच वाढतं. टिळकवाडीतल्या माझ्या पाळणाघरात दोन वर्षांच्या मुलांसाठी मी सारख्याच रंगाचे दोन ट्रक ठेवते. वाटून खेळणं त्या वयाला झेपतच नाही. कुणी चावलंच तर आधी रडणाऱ्याला जवळ घेते, मग दुसऱ्यासमोर खाली बसून ‘त्याला दुखलं, चावायचं नाही’ एवढंच सांगते. आणि जेवण थोडं लवकर वाढा. दुपारची बरीच भांडणं नुसत्या भुकेची असतात.