बिग टेन २०२४: टीम भारी कोणाची, की वेळापत्रक सोपं कोणाचं?

बंडूनाना (कोलंबस, ओहायो)
ऑगस्ट संपत आला, शनिवारी आमच्या ओहायो स्टेटची पहिली मॅच. भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात: हा अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजांचा. कॉलेजं आपापल्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये खेळतात. मिडवेस्टमधल्या सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या बिग टेनमध्ये आता १८ टीम आहेत. यंदा पॅसिफिक किनाऱ्यावरून ऑरेगन, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, आली. पूर्व-पश्चिम विभाग मोडीत निघाले, पहिल्या दोन टीम ७ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये फायनल खेळणार.

माझं म्हणणं एवढंच, की कोण भारी यावर घसा कोरडा करू नका, कोणाच्या वाट्याला कोण आलंय ते बघा. प्रत्येकाची गाठ १७ पैकी फक्त ९ जणांशी. पेन स्टेटला ना मिशिगन, ना ऑरेगन. मिशिगनला मात्र ऑरेगन, यूएससी, शेवटी कोलंबसमध्ये आम्ही, शिवाय कॉन्फरन्सबाहेरचं टेक्सस. आणि गुणतक्ता दोघांचा एकच!

फायनल ओहायो स्टेट विरुद्ध पेन स्टेट, लिहून ठेवा. आणखी एक. प्लेऑफ, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारे बाद सामने, आता ४ ऐवजी १२ टीमांचा झालाय, त्यामुळे आमच्या आणि मिशिगनच्या मॅचची पूर्वीची धार गेली. हरलो तरी आत जाऊच.

मृण्मयी_के (अ‍ॅन आर्बर)
नाना, ओळीने तीन वर्षं हरल्यावर "धार गेली" असं वाटणारच! २०२१ ला ४२-२७, २०२२ ला तुमच्याच घरात ४५-२३, गेल्या वर्षी ३०-२४. तुमचा कोच रायन डे, त्याच्या नावावर आजवर ५६ विजय आणि ८ पराभव आहेत. त्या आठातले तीन आम्ही मिशिगनने दिलेले, आणि तुमच्या गावात त्याला जाब विचारतात तो त्या तिनांचाच. २०२२ मध्ये आमच्याकडून हरूनही तुम्ही चौघांच्या प्लेऑफमध्ये गेलात, जॉर्जियाकडून एका पॉइंटने हरलात. म्हणून मिशिगनचा पराभव कोणी माफ केला का?

बंडूनाना
माफ नाही केला, पण सीझन वाया गेला नाही ना? मुद्दा तोच आहे. बाकी तुमची गेल्या वर्षीची १५-० ची टीम राहिलीय कुठे? कोच हारबॉ एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, चार्जर्सकडे गेला, क्वार्टरबॅक (पास फेकून ऑफेन्स, म्हणजे हल्ला, चालवणारा) मॅकार्थी तिथल्याच मिनेसोटा वायकिंग्जकडे, एकूण १३ जण ड्राफ्टमध्ये, म्हणजे त्या लीगच्या निवडीत, गेले. ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढे उभं राहून वाट करून देणारे, पाचही जण नवे. नवा क्वार्टरबॅक कोण, हेच अजून ठरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मृण्मयी_के
बचावातले विल जॉन्सन, मेसन ग्रॅहम, केनेथ ग्रँट अजून आहेत, आधी त्यांच्यातून वाट काढा. आणि आमचा नवा कोच शेरोन मूर, त्याला नवखा समजू नका. हारबॉ निलंबित असताना पेन स्टेटची मॅच त्यानेच सांभाळली होती. पेन स्टेटच्या घरात, एक लाखावर लोक ओरडताहेत, आणि हा पठ्ठ्या सलग ३२ वेळा बॉल पळवतच नेतोय, पास नाहीच! समोरच्यांना कळत होतं, थांबवता येत नव्हतं. २४-१५. पुढे तुम्हालाही त्यानेच हरवलं.

तुमचं म्हणाल तर खेळाडूच दुसऱ्या कॉलेजांतून आणलेले: विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटचा, जडकिन्स ओल मिसचा, केलेब डाउन्स अलाबामाचा. टीमवर २ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालाय हे तुमच्याच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सांगितलंय. एवढ्यावर तर मीसुद्धा फायनलचं भाकीत करेन.

पोर्टलँडचा_पक्या
तुमचं भांडण चालू द्या, तोवर १२ ऑक्टोबरची नोंद करून ठेवा. ओहायो स्टेट आमच्या ऑरेगनच्या घरी, यूजीनला येतंय. स्टेडियम ५४ हजारांचं, तुमच्यापुढे लहानच, पण कानठळ्या बसतील. गेल्या वर्षी वॉशिंग्टनकडून दोनदा हरलो, दोन्ही वेळा ३ पॉइंटनी. त्या वॉशिंग्टनचा कोच अलाबामाला गेला, क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये अटलांटाला. आम्ही आमचा क्वार्टरबॅक बो निक्स याच्या जागी डिलन गेब्रियल आणलाय. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत तुम्ही २, आम्ही ३, आणि नानांच्या फायनलमध्ये आमचं नावच नाही?

हणमंत_आयोवा
आमच्याबद्दल कोणी बोलत नाही ते बरंच आहे. गेल्या वर्षी मॅचमागे सरासरी १५ पॉइंट काढून आम्ही १० मॅच जिंकल्या. ऑफेन्सचा कोच म्हणजे हेड कोचचा मुलगा, त्याच्या करारात मॅचमागे २५ पॉइंटची अट होती! आमचा खरा हिरो पंटर, म्हणजे लाथ मारून बॉल लांब फेकणारा, होता, तोही ड्राफ्ट झाला. यंदा टिम लेस्टर ऑफेन्स बघणार. २० झाले तरी सत्यनारायण घालीन.

पार्ल्याची_पर्ड्यूत
नानांचा वेळापत्रकाचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. आमच्या नशिबी ऑरेगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, वर नोत्र दाम. कोणाच्या पापाची फळं ही?

पण नाना, फायनल गाठणं फायद्याचंच असतं असं नाही. यंदाच्या नियमाने प्लेऑफमध्ये थेट दुसऱ्या फेरीत जाणार फक्त कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांपैकी पहिले चार. इंडियानापोलिसमध्ये हरणारा एक जादा मॅच खेळून, मार खाऊन पुन्हा पहिल्या फेरीतच. तिसरा आलेला घरी आराम करून डिसेंबरच्या थंडीत स्वतःच्या मैदानावर खेळू शकतो. मिशिगनकडून हरून तिसरे आलात तर आतून बरंच वाटेल तुम्हाला.

बंडूनाना
मिशिगनकडून हरून बरं वाटेल? ओहायोत राहत नाही ना, म्हणून बोलताय.

मृण्मयी_के
बघा! धार गेली नाही ते स्वतःच कबूल केलंत.

निशिगंध (लॉस एंजेलिस)
सगळे प्लेऑफच्या गप्पा मारताय. यूसीएलएला १९ ऑक्टोबरला रटगर्सला जायचंय, जवळपास चार हजार किलोमीटर, तीन तासांचा वेळेचा फरक. त्याआधी लुइझियाना आणि पेनसिल्व्हेनिया. फुटबॉलवाल्यांना निदान चार्टर विमान आणि आठवड्याला एकच मॅच. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींनी परीक्षा कधी द्यायच्या? टीव्हीच्या पैशापायी पॅक-१२ मध्ये, म्हणजे आमच्या जुन्या कॉन्फरन्समध्ये, यंदा दोनच टीम उरल्या.

पोर्टलँडचा_पक्या
वाईट वाटतं, पण यूसीएलएचा क्रीडा विभाग कर्जात होता. न जाता तुमच्या सॉफ्टबॉलचा खर्च कोणी उचलला असता? आम्ही तर सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला कमी वाटा घेऊन आलोय.

निशिगंध
कर्ज फुटबॉलने केलं आणि हप्ते मुलींनी भरायचे, असंच ना?

मृण्मयी_के
हे मात्र खरं आहे. जाता जाता: टेक्ससची मॅच ७ सप्टेंबरला दुपारी १२ वाजता, आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. आमच्याकडे आरती साडेदहाला उरकणार आहे.

ब्लूमिंग्टनकर
इंडियानाला कोणी विचारणार का? नवीन कोच सिग्नेटी सांगतो, मी जिंकतो, गूगल करा. आम्हाला ऑरेगन नाही, पेन स्टेटही नाही.

बंडूनाना
गेल्या वर्षी ३-९ होतात. सहा जिंकून बोल, म्हणजे सीझनअखेरची मानाची जादा मॅच, मिळाला तरी पेढे वाटा. २३ नोव्हेंबरला कोलंबसला येताय ना, घोडामैदान जवळच आहे.